बंदराचं शहर, पण बंदराचं म्युझियम कुठाय? (मुंबई)

गोदीकाठी

गेल्या रविवारी लेकीला घेऊन राणीच्या बागेत गेलो होतो, कारण अर्थातच पेंग्विन. पेंग्विन चार मिनिटांत संपले, मग पावसाची सर आली आणि आडोसा म्हणून आम्ही शेजारच्या भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये शिरलो. मी भायखळ्यातच वाढलो पण खरं सांगतो, शाळेची सहल सोडली तर आत पाय ठेवला नव्हता. बाहेरून वाटतं एखादं जुनं सरकारी ऑफिस असेल, आत गेलात की हिरवा नि सोनेरी रंग, बिडाचे खांब, पायाखाली नक्षीच्या फरश्या, दोन मिनिटं माणूस गपच होतो.

काचेच्या पेट्यांत मातीच्या बाहुल्या आहेत, त्या काळच्या मुंबईतल्या जातीजमाती, कामधंदे, पागोटी सगळं. आणि गलबतांच्या छोट्या प्रतिकृती. तिथे लेक थांबली आणि म्हणाली, बाबा, पणजोबा यातल्या कुठल्या बोटीवर होते?

आता पणजोबा बोटीवर नव्हतेच. ते गोदीत होते. पोती वाहिली, मग टोळीचे मुकादम झाले, शेवटपर्यंत उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता त्यांचा. मी तिला म्हटलं इथे नाही दुसऱ्या म्युझियममध्ये असेल, दाखवतो. आणि घरी येऊन विचार करतोय की नक्की कुठल्या?

म्हणजे बघा, ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा, बंदराचा कारभार बघायला ट्रस्ट स्थापन झाला १८७३ मध्ये. कापूस बाहेर गेला तो इथून, गिरण्यांची मशीन आली ती इथून. गिरण्यांच्या म्युझियमची निदान चर्चा तरी होते, गोदीचं नावही कोणी घेत नाही. चित्रं आहेत, शिल्पं आहेत, नाणी आहेत, सिनेमाचं आहे, बेस्टचं पण आहे. ज्यामुळे हे शहर झालं त्याचंच नाही.

दुसरं म्हणजे आमच्या माळ्यावर आजोबांचा आकडा आहे, पोतं ओढायचा, लाकडी मुठीचा. भंगारात द्यायला जीव होत नाही. असल्या वस्तू कोणी घेतं का? जाणकारांनी सांगा. मोबाइलवरून टंकतोय, चुभूदेघे.

कडक_चहा

भाऊ दाजींच्या नावाचा अख्खा धक्का आहे की राव, भाऊचा धक्का. अजून काय पाहिजे :)

जुनाबाजार

कडक_चहा, थांबा थांबा. ते भाऊ वेगळे. भाऊचा धक्का बांधला लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी, त्यांना लोक भाऊ म्हणायचे. आणि म्युझियमवाले भाऊ दाजी म्हणजे डॉक्टर, मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड, मूळचे गोव्यातले मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. दवाखाना सांभाळून ताम्रपट आणि शिलालेख वाचायचे, नाणी गोळा करायची, आणि वरून म्युझियमच्या कमिटीचं काम. १८७४ मध्ये गेले, म्हणजे म्युझियम उघडलेलं त्यांनी जेमतेम दोन वर्षं पाहिलं.

त्या म्युझियमची कथा ऐकण्यासारखी आहे. १८५५ मध्ये पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं, त्यासाठी इकडून कारागिरीच्या वस्तू गोळा केल्या, त्यांचे जोड ठेवून फोर्टात टाउन बॅरॅक्समध्ये संग्रह सुरू झाला. दोन वर्षांत ५७ चं बंड झालं, लष्कराला बॅरॅक्स परत हवे झाले आणि वस्तू अक्षरशः बाहेर टाकल्या, बराच माल गेला. जे वाचलं ते जॉर्ज बर्डवुड नावाच्या डॉक्टरने सांभाळलं. मग भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी पैसा उभा करायला घेतला, जमशेटजी जीजीभॉय, डेव्हिड ससून सगळ्यांनी दिले. १८६२ ला कोनशिला, मध्ये कापसाचा बाजार कोसळला तेव्हा काम रखडलं, शेवटी २ मे १८७२ ला उघडलं. पैसा आला कापसातून आणि अडला पण कापसामुळेच. त्यामुळे "बंदराचं काही नाही" हे मला पटत नाही, ती अख्खी इमारतच बंदराच्या पैशातून उभी आहे, फक्त तसा बोर्ड लावलेला नाही.

तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. भाऊ दाजींचं नाव १९७५ मध्ये दिलं. नंतर फार दुर्दशा झाली, २००३ पासून महापालिका, इन्टॅक (वारसा जपणारी संस्था) आणि बजाज फाउंडेशन यांनी मिळून जीर्णोद्धार केला, युनेस्कोचं बक्षीसही आलं २००५ ला.

शिवडीची_शेवंती

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट?? मग ती वाघनखं आपल्या भायखळ्याला होती का आधी?

जुनाबाजार

नाही हो शेवंतीताई, वाघनखं लंडनच्या त्याच नावाच्या म्युझियममधली, तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली २०२४ मध्ये, आधी साताऱ्याला. नाव एकच पण घराणं वेगळं. हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं.

खाडीपलीकडे

गोदीकाठी, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण अर्धा. समुद्र मुंबईच्या म्युझियममध्ये आहे, फक्त तुकड्यातुकड्यांत आहे, ते आपल्याला जोडावे लागतात.

प्रिन्स ऑफ वेल्समध्ये जा (हो, १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पण आमच्या पिढीच्या तोंडात जुनंच बसलंय, ट्रेनमध्ये कोणी पूर्ण नाव घेतं का सांगा). तिथे सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा आहे. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, जिथे आज सकाळी लोकलला लोंबकळतात तिथे दोन हजार वर्षांपूर्वी जहाजं लागायची. मुंबई बंदर झाली त्याच्या कितीतरी आधीचं बंदर ते. आणि सोपाऱ्याचाच दुसरा ठेवा टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत आहे, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला तेव्हा दगडी पेटी मिळाली, आत डबीत डबी डबीत डबी, आणि भोवती कांशाच्या आठ लहान बुद्धमूर्ती. मी कॉलेजात असताना एकदाच बघायला मिळाल्या, रोज मांडून ठेवत नाहीत. त्या आठ मूर्ती बघून मी बाहेर टाउन हॉलच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसून होतो, पाठीमागे गोदी आणि मनात सोपारा.

प्रिन्स ऑफ वेल्समध्ये सागरी वारशाचं छोटं दालनही आहे. लोक तिकडे वळत नाहीत, चिलखतं बघायला वर पळतात.

मीठागर

सगळ्यांची माफी मागून विरोधी सूर लावतो. पूर्व किनाऱ्यावरच्या गोदीच्या जमिनीवर कोणाकोणाचा डोळा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. म्युझियम म्हणून एक गोडाऊन वाचवतील, त्यात कॅफे काढतील, भिंतीवर गोदी कामगाराचा मोठ्ठा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, खाली कॉफी तीनशे रुपये. आणि ज्यांचा फोटो त्यांची नातवंडं त्या कॅफेत वेटर. मला असलं म्युझियम नको. त्यापेक्षा नसलेलं बरं.

गोदीकाठी

मीठागर, कॉफीचं मान्य. पण मग नसलेलं बरं म्हणजे मी लेकीला काय सांगू?

टाइनकाठचा

धागा वाचून राहवलं नाही म्हणून खूप दिवसांनी लॉगिन केलं. मी इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसलजवळ राहतो, सोळा वर्षं झाली. इथून ट्रेनने तासाभरात हार्टलपूल नावाचं गाव आहे, कोणी नाव ऐकलं नसेल. तिथल्या धक्क्यावर एक शिडाचं लढाऊ जहाज म्युझियम म्हणून उभं आहे, एचएमएस ट्रिंकोमाली. पाण्यावर तरंगणारं ब्रिटनचं सगळ्यात जुनं लढाऊ जहाज.

ते जहाज मुंबईत बांधलंय. १८१७, वाडियांच्या हाताखाली, मलबारचं सागवान. नाळेवर जो पुतळा आहे तो पागोटं घातलेल्या माणसाचा आहे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कुठल्यातरी नातेवाइकाला परगावी स्टेशनवर अचानक गाठ पडावी तसं झालं मला, अंगावर काटा वगैरे. बायको म्हणाली चला पुढे, पोरं कंटाळली.

ओकच्या लाकडाची त्यांची स्वतःची जहाजं कुजली, सागवानाचं टिकलं. वाडिया घराण्याचे लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, १७५० मध्ये इथे सुकी गोदी झाली आणि मग पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. १८४२ मध्ये हाँगकाँग ज्या तहाने इंग्रजांना मिळालं तो तह ज्या जहाजावर झाला ते कॉर्नवॉलिस, ते पण मुंबईचंच, १८१३ चं. ट्रिंकोमालीबद्दल एक गंमत अशी की आराखडे घेऊन निघालेलं जहाज वाटेत अमेरिकनांनी लढाईत पकडलं, म्हणून आराखडे परत पाठवावे लागले.

आणि आता खरी मेख. मी जिथे राहतो त्या टाइन नदीवर १९४५ मध्ये एक विमानवाहू नौका पाण्यात सोडली, तेव्हा नाव हर्क्युलिस. युद्ध संपलं, ती अर्धवट पडून राहिली, भारताने १९५७ मध्ये विकत घेतली, बेलफास्टला पुरी केली, आणि १९६१ मध्ये तिचं नाव झालं आयएनएस विक्रांत.

म्हणजे मुंबईत बनलेलं लाकडी जहाज इथे दोनशे वर्षांनी जपून ठेवलंय, आणि इथे बनलेलं पोलादी जहाज मुंबईत

पुढचं लिहवत नाही. तुम्हाला माहीतच आहे.

कोळंबी_फ्राय

दारूखान्यात, जहाजं भंगारात काढतात तिथे, तोडलं. पुरं करतो मी.

विक्रांतवर शाळेने नेलं होतं आम्हाला, २००१ नंतरची गोष्ट, तेव्हा म्युझियम म्हणून उघडलं होतं. डेकवर अलिझे विमान उभं होतं, आत जिने इतके उभे की आमच्या बाई अर्ध्यातूनच परत फिरल्या. तेलाचा आणि गंजाचा वास अजून नाकात आहे. ३६ वर्षं नौदलात, गोव्याच्या मुक्तीचं वर्ष तेच तिच्या येण्याचं, ७१ चं युद्ध, आणि निवृत्तीनंतर बिचारी गोदीला बांधून ठेवलेली. खर्च कोण करणार यावर वर्षानुवर्षं चर्चा, २०१२ ला लोकांसाठी बंद, २०१४ ला भंगार. तिच्या पोलादाची मोटरसायकल निघाली २०१६ मध्ये, आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने घेतली, त्याला सगळे विक्रांत म्हणून हाक मारतात. गाडी विकली त्याने, नाव राहिलं.

लायन गेटसमोर छोटं स्मारक आहे, त्याच पोलादातलं. बसमधून जाताना डावीकडे का उजवीकडे ते कळेपर्यंत मागे पडतं.

शिवडीची_शेवंती

रडवलंत. टाइनकाठचा, त्या पागोटंवाल्याचा फोटो टाका ना.

टाइनकाठचा

टाकतो ताई, शनिवारी जाईन तेव्हा. घरी आहेत त्या सगळ्या फोटोंत माझी पोरं पुढे उभी आहेत.

मीठागर

हे बघा, हार्टलपूलचं कौतुक ठीक आहे पण ते जहाज त्यांच्या नौदलाचं होतं म्हणून त्यांनी जपलं. बांधणाऱ्या सुतारांची नावं आहेत का तिथे? वाडिया शेठचं असेल. आपल्या एलिफंटाच्या हत्तीचं काय झालं? १८६४ मध्ये तो दगडी हत्ती इंग्लंडला न्यायचा बेत होता, उचलताना क्रेनने दगा दिला, हत्तीचे तुकडे झाले म्हणून इथे राहिला. पुढे जोडला आणि आता भाऊ दाजीच्या बाहेर उभा आहे. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं तो हत्ती बेटावर नाही, बागेत आहे. फुटला म्हणून वाचला, असा सगळा कारभार.

गोदीकाठी

अरे तोच तो हत्ती? लेक त्याच्या बाजूला उभं राहून फोटो काढून आली. मला वाटलं बागेची शोभा.

जुनाबाजार

तोच. आणि म्युझियमच्या मागच्या बाजूला गेलात का? नसाल तर परत जा. स्वातंत्र्यानंतर चौकाचौकांतून हलवलेले पुतळे तिथे आणून ठेवलेत. राणी व्हिक्टोरिया, कॉर्नवॉलिस आणि मंडळी, काहींची नाकं गेलेली, उन्हापावसात. मूळ काळा घोडा (राजा एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा) पण बागेतच आहे, १९६५ मध्ये हलवला. फोर्टात आता जो घोडा आहे तो २०१७ चा, त्याच्यावर स्वारच नाही. मला व्यक्तिशः म्युझियमच्या आतल्यापेक्षा हे मागचं आवार जास्त बोलकं वाटतं.

रंगीत_खडू

कोणी आर्ट गॅलऱ्यांबद्दल लिहीनाच म्हणून मी. जहांगीर १९५२ ची, अजूनही फुकट, अजूनही एसीत दुपार काढायला उत्तम जागा. सर कावसजी जहांगीर यांनी पैसा दिला, त्याआधीचा त्यांच्याच घराण्याच्या नावाचा हॉल समोर आहे, १९११ चा, आर्किटेक्ट विटेट साहेबाचा, प्रिन्स ऑफ वेल्सवाल्याच विटेटचा. त्या हॉलमध्ये गाणी, सभा, कुस्त्या असं सगळं व्हायचं, १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. जिना चढत चढत चित्रं बघायची, घुमटाखाली पोचेपर्यंत दम लागतो पण जागा भारी. सोमवारी बंद.

आतलं समोवार कॅफे होतं तेव्हा जहांगीरला जायचं कारण चित्रं नव्हतं, खोटं कशाला बोला. २०१५ ला बंद झालं. आता बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार बसतात त्यांच्याशी गप्पा मारते. तिथे एक काका आहेत, ते फक्त बोटी काढतात, मचवे, पडाव, फत्तेमारी, आणि प्रत्येक बोटीचं शीड कसं वेगळं ते न विचारता सांगतात. म्युझियम पाहिजे ना? तिथे उभे राहा अर्धा तास.

आणि ससून डॉकमध्ये २०१७ ला मोठं कला प्रदर्शन भरलं होतं, कोळणींची भिंतभर चित्रं, आत माशांचा वास आणि बाहेर सेल्फीची लाईन. मीठागर म्हणतात तो प्रकार होता का? थोडा होता. पण शेजारी कोळंबी सोलणाऱ्या बायका पहिल्यांदाच आपल्या भिंतीकडे मान वर करून बघत होत्या, ते मी विसरले नाही.

बॅलार्डचा_बाबू

गोदीत २९ वर्षं क्लार्क होतो, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पहिलं म्हणजे बॅलार्ड बंदर गेटहाउस. १९२० चं, नौदलाने नीट केलंय, आत छोटं म्युझियम आहे. एवढं तरी बघा.

दुसरं १४ एप्रिल. गोदीकाठी, तुमचे आजोबा ४४ साली होते का कामावर? फोर्ट स्टिकिन जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलेलं, पोटात स्फोटकं, कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या विटा. कापूस पेटला, चारनंतर दोन स्फोट झाले, त्या दिवशीचा आवाज लांब लांब ऐकू गेला म्हणतात. आगीच्या बंबावरची ६६ माणसं गेली, त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह असतो तो त्याच दिवसापासून. गोदीतले हमाल, खलाशी, आसपासच्या चाळीतले लोक किती, त्याची गोळाबेरीज आकड्यांत बसत नाही. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा जुनी माणसं सांगायची, गाळ काढताना सोनं मिळालं म्हणून. खरंच मिळाल्या विटा, कित्येक वर्षांनी सुद्धा. पण त्या माणसांची डबे, छत्र्या, टोकन, बॅज हे कुठे आहे? कुठेच नाही. सोन्याची वीट जपली असती, डबा कोण जपणार.

आणि एक. आकडा देऊ नका. म्हणजे लगेच देऊ नका.

गोदीकाठी

का हो काका? आजोबा ४४ ला होते की नाही ते मला नक्की माहीत नाही, आईला विचारतो.

बॅलार्डचा_बाबू

आधी आईला बसवा आणि सगळं लिहून काढा. आजोबांचं गाव कुठलं, कधी आले, कोणाच्या टोळीत होते, कुठल्या गोदीत, पोत्यात काय असायचं, मजुरी दिवसावर का नगावर. म्युझियमवाले पहिला प्रश्न हाच विचारतात की वस्तू कोणाची, कुठून आली. नुसता आकडा म्हणजे लोखंड. मी एका ठिकाणी माझी जुनी वही घेऊन गेलो होतो, जहाजांची नोंदवही, नाव सांगत नाही, त्यांनी टेबलावर ठेवून घेतली, पोच दिली नाही, पुढच्या वेळी गेलो तर ते साहेबच बदललेले. वही गेली. तेव्हा दानपत्र लिहून घेतल्याशिवाय हातातली वस्तू सोडू नका, फोटो काढून ठेवा मापासकट.

कडक_चहा

माझा भाऊच्या धक्क्याचा विनोद मागे घेतो. धागा वाचनखुणांत साठवला.

खाडीपलीकडे

बाबूकाका, वहीचं वाचून वाईट वाटलं. तुम्हाला आठवतंय तेवढं इथेच लिहा की, वेगळा धागा काढा.

बॅलार्डचा_बाबू

काढीन. टायपिंगला वेळ लागतो, एका बोटाने चाललंय.

गोदीकाठी

अपडेट. काल रात्री माळ्यावरून आकडा काढला. आई म्हणाली, ४४ ला आजोबा गावी होते, बहिणीचं लग्न होतं म्हणून वाचले, आणि परत आले तर टोळीतली निम्मी माणसं नव्हती. हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं का नाही सांगितलंस, तर म्हणाली तू कधी विचारलंस?

मुठीवर काहीतरी खोदलेलं आहे, तेल लावून घासलं तर दोन अंक दिसले, ४ आणि ७, मध्ये अजून एखादा असेल. आई म्हणते टोळीचा नंबर, मामा म्हणतो बिल्ला नंबर, भांडण चालू आहे. लेकीने फूटपट्टी लावून मोजला, मुठीसकट तेवीस सेंटीमीटर, तिने चित्र काढून खाली "पणजोबांचा हात" असं लिहिलंय.

येत्या रविवारी परत भायखळ्याला जातोय, पुतळे आणि हत्ती नीट बघायला. बुधवारी बंद असतं, बाकी दिवशी कोणाला यायचं असेल तर सांगा. बाबूकाका, तुम्ही आलात तर आकडा घेऊन येतो.

बॅलार्डचा_बाबू

येतो. साडेदहाला हत्तीपाशी. पाऊस असला तर आत.